चित्रपटासाठी रॉक बॅलड कसे बांधावे

इंदूरच्या रामबागेतल्या एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही चारपाच जण गेली काही वर्षे लघुपटांचे संगीत करतो. दिग्दर्शक येतो, बहुधा हातात पोहे-जलेबीचा पुडा घेऊन, आणि सांगतो की शेवटच्या प्रसंगाला “रॉकसारखं, पण हळवं” असे एखादे गाणे हवे आहे. त्याच्या मनात असते ते रॉक बॅलड: मिनिटाला साधारण साठ ते ऐंशी मात्रांची संथ लय, आरंभी एकटी गिटार आणि अगदी कानाशी गायल्यासारखा आवाज, आणि मग एका क्षणी ड्रम व फाटक्या स्वराच्या गिटारी एकदम अंगावर येणे. हा घाट ऐकायला सोपा वाटतो आणि म्हणूनच तो हमखास बिघडतो. नव्याने या कामाला बसणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट पक्की करून घ्यावी, ती अशी की गाण्याने चित्रपटाचे घड्याळ फ्रेमपर्यंत काटेकोर पाळावे, पण चित्रपटाची गोष्ट सांगायला अजिबात जाऊ नये.

हे मत माझ्या पदरचे नाही. या प्रकारातली जी गाणी चित्रपटाबाहेर टिकली, ती याच वाटेने गेलेली दिसतात. १९९१ साली ‘रॉबिन हूड: प्रिन्स ऑफ थीव्ह्ज’साठी ब्रायन अ‍ॅडम्स, मट लँग आणि मायकल केमन यांनी जे गाणे केले ते ब्रिटनमध्ये सलग १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. केमन हे त्याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचे रचनाकार, आणि गाण्याची चाल त्यांच्या पार्श्वसंगीतातल्याच एका धुनेतून आलेली. तरीही शब्दांमध्ये ना धनुष्य आहे, ना बाण, ना जंगल. १९९८ च्या ‘आर्मागेडन’मध्ये पृथ्वीवर लघुग्रह आदळायला निघालेला असतो, पण डायान वॉरन यांनी लिहिलेल्या आणि एरोस्मिथने गायलेल्या गाण्यात एक माणूस झोपलेल्या प्रिय व्यक्तीकडे बघत जागा आहे, एवढेच घडते. (ज्या बँडचा पहिला अल्बम १९७३ चा, त्याला अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिला क्रमांक मिळायला पंचवीस वर्षे लागली, आणि तोही दुसऱ्याने लिहून दिलेल्या गाण्याने, रॉकवाल्यांनी यावर काय वाटून घ्यायचे ते घ्यावे.) त्याच वर्षीच्या ‘सिटी ऑफ एंजल्स’चा नायक देवदूत आहे, पण गू गू डॉल्सच्या ‘आयरिस’मध्ये देवदूत हा शब्द एकदाही येत नाही. ज्याने चित्रपट पाहिला त्याला संदर्भ आपोआप लागतो, आणि ज्याने पाहिला नाही त्याचे काही अडत नाही.

आता कामाकडे वळू. दिग्दर्शकाने प्रसंग तोंडी रंगवून सांगितला तरी त्यावर चाल बांधायला बसू नये. संकलन पूर्ण होऊन कुलूप लागलेला, म्हणजे आता बदलायचा नाही असे ठरलेला प्रसंगच मागून घ्यावा, त्याच्या कोपऱ्यात टाइमकोड (मिनिट, सेकंद आणि फ्रेम दाखवणारा चालता आकडा) छापलेला असावा, आणि चित्रीकरण सेकंदाला २४ फ्रेमने झाले आहे की २५ ने, हे लेखी विचारून घ्यावे. मग गिटार बाजूला ठेवून तो प्रसंग तीनचार वेळा नुसता पाहावा आणि कागदावर फक्त दोन आकडे लिहावेत: प्रसंग एकूण किती लांब आहे, आणि त्यात ज्या क्षणी काहीतरी कायमचे बदलते तो क्षण नेमका कुठे आहे.

उदाहरण म्हणून आमच्याच एका कामाचा हिशोब मांडतो. लघुपट एका बंद पडलेल्या कापड गिरणीतल्या निवृत्त कामगाराचा होता. इंदुरात मालवा मिलसारखी नावे आता चौराह्यांपुरती उरली आहेत, तेव्हा असा माणूस कल्पनेने घडवावा लागत नाही, तो शेजारीच राहत असतो. शेवटच्या प्रसंगात हा बाप रात्रभर दिव्याखाली जागा आहे, बाहेर गल्ली रिकामी आहे, आणि पहाटेकडे दाराची कडी वाजून घर सोडून गेलेला मुलगा उंबऱ्यात उभा राहतो. प्रसंगाची लांबी २ मिनिटे ४० सेकंद, आणि दार उघडते ते बरोबर १ मिनिट ५० सेकंदांवर. चित्रीकरण २४ फ्रेमचे.

लय ठरवण्याचे एक साधे गणित आहे. सेकंदाच्या फ्रेमना ६० ने गुणून मिनिटाच्या मात्रांनी भागले, की एका मात्रेला किती फ्रेम पडतात ते कळते. २४ फ्रेमच्या चित्रपटात ७२ ची लय घेतली तर प्रत्येक मात्रेला नेमक्या २० फ्रेम येतात. चार मात्रांचा एक बार ८० फ्रेमचा होतो आणि १८ बारमध्ये एक मिनिट भरते. २५ फ्रेमच्या चित्रीकरणात हीच सोय ७५ च्या लयीत मिळते. ७० ची लय घेतली तरी आकाश कोसळत नाही, संगणक अपूर्णांकातही वाजवतो. पण संकलकाची कात्री पूर्ण फ्रेमवरच चालते, आणि मात्रा पूर्ण फ्रेमवर बसलेली असली की पुढची निम्मी भांडणे वाचतात. आमचा प्रसंग १६० सेकंदांचा, म्हणजे ७२ च्या लयीत ४८ बार. दार उघडते तिथे ३३ बार संपलेले असतात.

या तेहेतिसाने आम्हाला दोन दिवस छळले. गाण्याची मांडणी स्वभावतःच चार आणि आठच्या पटीत पडते: चार बारची गिटार, आठ बारचा पहिला अंतरा, आठ बारचा हलका मुखडा, चार बारचे मधले वादन, आठ बारचा दुसरा अंतरा. बेरीज बत्तीस. म्हणजे ड्रमसकट पूर्ण ताकदीचा मुखडा दार उघडण्याच्या एक बार आधी, सुमारे ३.३ सेकंद लवकर कोसळत होता, आणि संगीताने घाई करून बातमी फोडल्यासारखे वाटत होते. लय किंचित उतरवून पाहिली तर अंतरा रेंगाळू लागला. शेवटी आम्ही तेहेतिसावा बार मोकळा सोडला. दुसऱ्या अंतऱ्याचा शेवटचा शब्द विरतो, गिटारची तार नुसती घुमत राहते, आणि त्या चार मात्रांच्या शांततेत चित्रपटातली खरी कडी वाजते. पुढच्या समेवर दार आणि ड्रम एकत्र येतात. तो एक बार नंतर शेवटातून वजा केला, म्हणजे पूर्ण मुखडा आठ बारचा आणि उतरता शेवट सात बारचा ठेवला, आणि ४८ चा हिशोब जुळला. पडद्यासाठी बॅलड करणाऱ्याने चित्रपटातल्या एखाद्या ध्वनीसाठी अशी जागा रिकामी ठेवता येते का, हे दर वेळी शोधावे. संगीत थांबलेले असताना ऐकू आलेली कडी ही वाजलेल्या कोणत्याही झांजेपेक्षा मोठी असते.

थांबवून धरण्याची ही कला इंदूरकरांना परकी वाटायला नको. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ यांची अतिविलंबित झूमरा तालातली बढत ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तार षड्ज लांबणीवर टाकणे म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. बॅलडमध्ये ती बढत अडीच मिनिटांत उरकायची असते, इतकेच. म्हणून गाण्यातला सर्वांत उंच स्वर आधी निश्चित करावा आणि तो पूर्ण ताकदीच्या मुखड्यापर्यंत कुठेही खर्च करू नये. पहिल्या हलक्या मुखड्यात त्याच जागी चाल एकदोन स्वर खाली वळवून घ्यावी.

कॉर्डच्या बाबतीतही तीच काटकसर उपयोगी पडते. सी हा षड्ज धरला, तर अंतऱ्यात ए मायनर, एफ आणि जी एवढ्या तिघांवर भागवावे आणि सी हा घरचा कॉर्ड वाजवू नये. पहिल्या मुखड्यात सी येऊ द्यावा, पण बास गिटारने तिथे सी न धरता ई धरावा, म्हणजे घर दिसते पण पाय जमिनीला टेकत नाहीत. दार उघडते त्या समेवर मात्र बासने खालचा सी धरावा. श्रोत्याला यातले एक अक्षर ठाऊक नसते, तरी त्याला पोचल्यासारखे वाटते. गिटारीला फाटका आवाज देताना पूर्ण कॉर्ड वाजवला तर त्यातला गंधार गढूळ होतो, म्हणून तिथे फक्त षड्ज-पंचम वाजवावेत. आणि गिटार डाव्या-उजव्या बाजूला रुंद हवी असेल तर एकच वादन नक्कल करून दोन्हीकडे ठेवू नये; तेच पुन्हा एकदा, खरोखर वाजवावे, कारण दोन वादनांतल्या बारीक फरकांमुळेच रुंदी येते. ‘आयरिस’च्या गिटारीची जुळणीही अभ्यासण्यासारखी आहे: सहापैकी एक तार बी ला आणि उरलेल्या पाच डी ला लावलेल्या, म्हणजे जवळजवळ तानपुराच. वर ठेका सहाच्या वजनाचा, जो आपल्या कानाला दादऱ्यासारखा लागतो. आपल्याकडचा वादक ही जुळणी अर्ध्या तासात आपलीशी करतो, असा माझा अनुभव आहे.

शब्दांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. आमच्या गीतकाराने पहिला खर्डा आणला त्यात गिरणीचा भोंगा होता, थांबलेले चाक होते, थकलेला हिशोब होता. कविता म्हणून ती वाईट नव्हती. पण पडद्यावर भिंतीला गिरणीचे जुने कॅलेंडर लटकलेले दिसत असताना गायकानेही भोंगा म्हणायचा, हे प्रेक्षकाला दोनदा जेवायला वाढण्यासारखे आहे. आम्ही खर्ड्यातली प्रत्येक अशी वस्तू खोडली जी कॅमेरा आधीच दाखवत होता. शेवटी उरला तो ‘उशीर’ हा एकच शब्द, आणि मुखडा त्यावरच बांधला: “उशीर झाला, तरी ये ना, दार मी लोटले नाही.” यात बाप आहे असेही ठरलेले नाही, कुणीही कुणालाही हे म्हणू शकतो.

मराठीत या प्रकारचे गाणे लिहिताना एक अडचण इंग्रजीपेक्षा वेगळी येते. आपले पुष्कळ शब्द बोलताना व्यंजनावर मिटतात: घर, वाट, दूर, परत. ओळीच्या शेवटी स्वर चार मात्रा लांबवायचा असेल तर असा शब्द तोंडावर दार लावतो. आधी आमची ओळ “उशीर झाला, तरी परत” अशी होती आणि गायक उंच स्वरावर ‘त’ला आपटून थांबत होता. शेवटचा ‘अ’ ओढून ‘परतऽ’ म्हणता येते, भावगीतात ते गोडही लागते, पण इथे ड्रमच्या वर ते जुन्या आकाशवाणीची आठवण करून देत होते. ‘ये ना’ केल्यावर ‘ना’चा आकार उघडा मिळाला आणि सर्वांत उंच स्वर तिथे ठेवता आला. दुसरी ओळ ‘नाही’ या ईकारावर संपते. ईकार उंचीवर चिमटल्यासारखा होतो, म्हणून तिथे चाल खाली उतरवली. चाल आणि शब्द असे स्वरानुसार जुळवून पाहण्यासाठी गायकाला आधी निव्वळ आ, ए, ओ, ई वर चाल गायला सांगावी आणि कोणत्या स्वरावर त्याचा आवाज मोकळा होतो ते टिपून ठेवावे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इथल्या मंडळींना उच्चाराकडेही लक्ष द्यावे लागते. आमचा गायक घरी मराठी बोलतो, पण शाळा आणि चौराहा हिंदीचा. त्यामुळे ‘झाला’मधला झ तो हिंदीतल्या झरन्यातला झ उच्चारत असे. मराठीत तो दातांशी लागतो. ड्रम वाजू लागल्यावर हे लपते, पण पहिल्या अंतऱ्यात माइक ओठांपासून वीतभर असतो आणि पुण्या-मुंबईचा श्रोता त्या एका अक्षरावर आपल्याला बाहेरचे ठरवतो. ‘झाला’, ‘जागा’, ‘चाक’ असे शब्द वेगळे काढून त्यांचा उच्चार गाण्याआधी साधा बोलून घटवून घ्यावा. अर्थात, पात्र स्वतः इंदुरी बोलणारे असेल आणि गाणे त्याच्या तोंडी असेल, तर त्याचा झ जसा आहे तसाच ठेवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार गूढ काही नाही. खोलीत सतरंज्या आणि भिंतीवर गोधड्या पुरतात. सकाळी कचरागाडी आपले गाणे वाजवत गल्लीतून जाते, तेव्हा आवाजाचे मुद्रण ती गेल्यावर किंवा रात्रीच करावे. स्वच्छतेत पहिले येण्याची एवढी किंमत आम्ही आनंदाने मोजतो. चित्रपटासाठी काम ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवावे. पहिल्या अंतऱ्याचा आवाज शेवटी मुद्रित करावा, आरंभी नव्हे: मोठा मुखडा गाऊन गायकाचा गळा जरा थकला की अंतऱ्याला हवा असलेला खरखरीतपणा आपसूक येतो.

मिश्रण करताना आवाज, ड्रम, बास, गिटारी आणि कळफलक यांचे वेगवेगळे ट्रॅक दिग्दर्शकाच्या ध्वनिमिश्रकाकडे द्यावेत, एकच शिजवलेला ट्रॅक देऊ नये. प्रसंगात कुणी एक शब्दही बोलणार असेल तर गाण्याचा आवाज सरसकट खाली ओढण्याऐवजी मिश्रकाला फक्त गिटारी बाजूला सारता आल्या पाहिजेत.

आणि कुलूप लागलेले संकलन पुन्हा उघडते, हे गृहीत धरावे. आमच्याकडे गाणे पूर्ण झाल्यावर निरोप आला की रिकाम्या गल्लीच्या दृश्यातून ४० फ्रेम काढल्या आहेत, “काही कळणार नाही”. चाळीस फ्रेम म्हणजे नेमक्या दोन मात्रा, अर्धा बार. ड्रम दोन मात्रा उशिरा पडू लागले आणि कडी गाण्याच्या ओळीवर वाजू लागली. लय पूर्ण फ्रेमवर बसलेली होती म्हणून सुटका झाली: ते दृश्य मधल्या वादनावर होते, तेव्हा तिथला एक बार चारऐवजी दोनच मात्रांचा केला आणि गिटारवादकाला ती ठेच लपवण्याऐवजी मुद्दाम ऐकू येईल अशी वाजवायला सांगितली. आता तीच जागा त्याला सर्वांत आवडते.

गाणे चित्रपटात गेल्यावर त्याच्या पुढच्या आयुष्याची सोय त्याच आठवड्यात करावी, कारण नंतर कोणी करत नाही. पडद्यावरच्या रूपात मोकळा बार, दोन मात्रांची ठेच, सगळे काही दृश्यासाठी असते. ऐकण्यासाठी वेगळे रूप बांधावे, त्यात दुसरा अंतरा पूर्ण लांबीचा ठेवावा आणि मोकळा बार मात्र काढू नये. ब्रायन अ‍ॅडम्सचे ते गाणेही अल्बमवर साडेसहा मिनिटांचे आहे आणि सुटे सिंगल म्हणून निघालेल्या रूपात चार मिनिटांच्या आसपास. तिसरे रूप एक गिटार आणि एक आवाज एवढ्यावर मुद्रित करावे. गणेशोत्सवात मंडळाच्या रंगमंचावर, ड्रम नसताना, चुकीच्या स्केलमध्ये कुणी हे गाणे म्हणू शकतो का, हे त्या रूपातच कळते, आणि गाणी पुढे जातात ती तशाच म्हणण्यातून. हिंदीत २००७ च्या ‘लाइफ इन अ मेट्रो’मध्ये संगीतकार प्रीतम स्वतः बँड घेऊन पडद्यावर सूत्रधारासारखे येतात, तेव्हा गाणे प्रसंगाच्या आत असूनही बाहेर उभे राहते, लघुपटात ही युक्ती स्वस्तात करता येते.

शेवटी कागदपत्रे. मित्रांच्या लघुपटात करार करायला संकोच वाटतो, तरी एका पानाचा का होईना, करावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर वाजण्याखेरीज गाण्याचा जो अन्य वापर होतो त्याच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार आणि संगीतकार यांना निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही, आणि तसा करार केला तरी तो त्या बाबतीत निरर्थक ठरतो. शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे तो नातवंडांपर्यंत पोचतो. गीतकार आणि संगीतकार यांनी रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद होऊन गाण्याची नोंद करावी, आणि चित्रपटाच्या क्यू शीटमध्ये, म्हणजे त्यात वाजणाऱ्या संगीताच्या यादीत, गाण्याचे नाव, दोघांची पूर्ण नावे व वाजण्याचा कालावधी सेकंदांसह भरला आहे की नाही, हे स्वतः डोळ्यांनी पाहावे. मूळ ट्रॅक दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून फाइलच्या नावातच लय, स्केल आणि फ्रेमसंख्या लिहावी. आमच्या त्या गाण्याची फाइल ‘उशीर ७२ सी २४’ या नावाने आहे, आणि ज्या मुलाने ती गेल्या वर्षी वेगळ्या वाद्यमेळासाठी मागून नेली, त्याला आम्हाला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.